बारा खोटी वाक्यं

शंकालेखकाच्या पडद्यावरची रेघ सपाट होती, आणि हेमांगी मोहिते ती पुन्हा पुन्हा बघत होती. काचेपलीकडे तिची नऊ वर्षांची चार्वी डोक्याला शिरपट्टी बांधून, पाय हलवत मजेत बसली होती. हेमांगीने ध्वनिक्षेपकात हातातल्या कागदावरचं पुढचं वाक्य वाचलं. "चार्वी, आपली कृष्णा नदी वाहत वाहत हिमालयात जाते." रेघ हलली नाही. चार्वीने मान तेवढी डोलावली. आई म्हणतेय म्हणजे जात असेल.

अशी बारा खोटी वाक्यं होती, सगळी आईच्या आवाजात. निदान आठ वाक्यांना चार्वीच्या मनात शंका उठायला हवी होती. उठली फक्त एकदा, आई कारली आवडतात म्हणाली तेव्हा.

सांगलीच्या गृहशिक्षण पडताळणी केंद्राच्या निबंधक गुंजाळबाई वाईट नव्हत्या. त्यांनी हेमांगीला चहा दिला आणि कायदा समजावला. माणसाला ऐकलेलं पटलं नाही, की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत एक लहर उठते. ती आवरता येत नाही आणि आणताही येत नाही. ज्या मुलाला आईबापाच्या धडधडीत खोट्यावरही ही शंकालहर येत नाही, ते मूल एककंठी. जगातला एकच आवाज त्याला खरा वाटतो. अशा मुलाला घरी शिकवण्याची परवानगी सरकार देत नाही. गेल्या वर्षी बाईंना चौदा वर्षांचा एक मुलगा भेटला होता. डॉक्टर माणसांना मारण्यासाठीच असतात, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. अपेंडिक्स फुटेपर्यंत तो पोट धरून गप्प बसला.

बाईंचं म्हणणं खोडून काढावं असं नव्हतंच. पण चार्वी बोलताना अडखळायची, आणि शाळेतलं अध्यापनयंत्र उत्तरासाठी चार सेकंद थांबून पुढच्या मुलाकडे वळायचं. दोन वर्षं चार्वीला सगळं येत होतं आणि दोन वर्षं ती नापास होत होती. शेवटी तिने घरीही बोलणं सोडलं. तेव्हा हेमांगीने तिला शाळेतून काढलं आणि स्वतः शिकवायला बसली. एका उत्तरासाठी ती पंचवीस सेकंदसुद्धा थांबायची. त्या थांबण्यावर पोर पुन्हा बोलू लागली होती. आता फेरतपासणीला सहा महिने होते. तीही चुकली, तर पुन्हा ते यंत्र आणि पुन्हा ते चार सेकंद.

ती डॉ. तळवलकरांकडे गेली. शंकालेखक त्यांनीच बनवला होता. त्याआधी दहा वर्षं हेमांगीने त्यांच्या प्रयोगशाळेत तारा जोडल्या होत्या, त्यामुळे ते आडपडदा न ठेवता बोलले.

"घोकून काही होणार नाही. तिला दहा वेगळ्या माणसांत वावरू दे, दहा मतं ऐकू दे. तीन-चार वर्षांत शंका आपोआप येईल."

"सर, माझ्याकडे सहा महिने आहेत."

तळवलकरांनी चष्मा पुसला. घाईचा एक मार्ग होता, पण तो सांगावासा त्यांना वाटत नव्हता. मेंदू फसला की शिकतो, ते म्हणाले. ज्या आवाजाने फसवलं, त्या आवाजाला पुढे लहर येते. "मात्र नीट ऐक. अशी लहर वाक्याला येत नाही, बोलणाऱ्याच्या आवाजाला येते. म्हणून मी चाचणीत बारा खरी वाक्यंही घातली होती. सरकारी समितीने ती काढली. आईने खरं सांगितल्यावर मूल विश्वास ठेवणारच, त्यात तपासायचं काय, म्हणाले."

हेमांगीने यातलं तिला हवं तेवढं ऐकलं. कोंडीत सापडलेलं माणूस तेवढंच ऐकतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने घरात नियम केला. रोज एक खोटं बोलायचं आणि जेवायला बसण्याआधी ते कोणतं, हे सांगून टाकायचं. सुरुवातीला साधी खोटी होती, पोह्यांत मीठ घातलेलं नाही किंवा जिन्यात मांजर व्यालंय अशी. चार्वीला तो खेळच वाटला. जिन्यात जाऊन ती हसत परत यायची. तळवलकरांकडून मागून आणलेल्या जुन्या शंकालेखकावर रेघ मात्र सपाटच राहिली. गमतीत फसलेला मेंदू काही शिकत नव्हता. त्याला लागायला हवं होतं.

मग हेमांगीने लागेल असं बोलायला सुरुवात केली. शेजारची सानिका खेळायला येणार आहे, असं ती एका दुपारी म्हणाली. चार्वीने दोन वाट्यांत चिवडा काढून ठेवला आणि पाच वाजेपर्यंत दाराशी बसली. त्या आठवड्यात रेघेवर पहिला उंचवटा आला. हेमांगीला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला शिसारी आली.

पाचव्या महिन्यात एका बुधवारी सकाळी ती म्हणाली की बाबा आज संध्याकाळी येतोय. चार्वीचा बाबा मालवाहू जहाजावर होता आणि मार्चशिवाय येणार नव्हता. चार्वीने निळा फ्रॉक स्वतः धुऊन वाळत घातला. रात्री जेवणाआधी हेमांगीने नियमाप्रमाणे खरं सांगितलं. चार्वी रडली नाही. तिने फ्रॉकची नीट घडी केली आणि विचारलं, "ह-हे खोटं आहे, हे तरी ख-खरं ना?"

तिथेच थांबायला हवं होतं, हे हेमांगीला कळत होतं. पण तपासणी तीन आठवड्यांवर आली होती. परवानगी मिळाली की सगळं भरून काढू, असं तिने स्वतःला बजावलं.

फेरतपासणीत बारापैकी बारा वाक्यांना लहर आली. गुंजाळबाईंनी केंद्रात असा निकाल पाहिला नव्हता. त्यांनी उठून हेमांगीचा हात हातात घेतला आणि पाच वर्षांच्या परवान्यावर शिक्का मारला. हेमांगीचे डोळे भरून आले. मधलं दार ढकलून ती चार्वीजवळ गेली आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. शिरपट्टी काढायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"झालं बाळा. तुला आता शाळेत जावं लागणार नाही."

काचेतून पडदा दिसत होता. रेघ उसळली.

हेमांगीने तिचे दोन्ही हात धरले. "ते सगळं खोटं बोलणं संपलं. आता मी कधीच खोटं बोलणार नाही."

रेघ आधीपेक्षा उंच उसळली.

हेमांगीला जे सांगायचं होतं, ते ती या आवाजात सांगूच शकत नव्हती, आणि दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता. तळवलकरांचं वाक्य तिला आता पुरतं ऐकू आलं.

चार्वी तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, नुसती सावध सभ्यता होती. मग तिने मान वळवली आणि आईच्या खांद्यावरून, मागोमाग दारात आलेल्या गुंजाळबाईंना विचारायला घेतलं. पहिलाच शब्द अडला. पाच सेकंद गेले, दहा गेले. बाई दारात स्वस्थ उभ्या राहिल्या.

"क-काकू, मी खरंच पास झाले? आई मला घ-घरी नेणार आहे?"

"हो गं. पास झालीस, आणि आता आईबरोबर घरीच जायचंय," गुंजाळबाई म्हणाल्या.

पडद्यावरची रेघ सपाट होती.