निळ्या साटीनवरच्या तीन रेघा

"आधी ते उजेडात धर," गौरवी म्हणाली. साईशने मावशीच्या ओसरीवर निळं झुळझुळीत साटीन उलगडलं. त्याच्या चकचकीत अंगावर बारीक धागे उपसून तीन रेघा पडल्या होत्या.

डिचोलीच्या कापडवाल्या गोकुळदास शेटने एका नवरीसाठी हे कापड प्रभावती मावशीकडे शिवायला दिलं होतं. पुडकं उघडताच तिला रेघा दिसल्या, ती तशीच ते परत घेऊन गेली, तर शेटने ते चारचौघींसमोर तिच्या अंगावर फेकलं. म्हणे, काजू वेचून खरखरीत झालेल्या हातांनी तिनेच नासवलं! आता बाजारात तिला शिवण कोण देणार? शेटला त्याचं काय! स्वतःचा आवाज ऐकला की त्याचं पोट भरतं.

"मावशे, तू हातमोजे घालतेस ना गो?" साईशने विचारलं.

"काजूच्या दिवसांत साटीनला उघडो हात लावीन? माका इतकं कळत नाय?" मावशीला रडू आवरेना.

गौरवी रेघांकडे बघत राहिली. खरखरीत बोटांनी धागे इथे तिथे निघतात. या रेघा मात्र हातभर लांब आणि सारख्या अंतरावर होत्या.

दुसऱ्या दिवशी निळं कापड घेऊन तिघं शेटच्या दुकानात गेली. मावशी पायरीवरच थांबली. आत नवरीची आई सुमंगलाबाई आणि कालच्याच दोघीतिघी होत्या. शेट गादीवर पसरला होता. उजव्या हातात तीन अंगठ्या, त्यांचे खडे एवढे की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

"शेट, चांगलं साटीन ओळखायचं कसं हो?" गौरवीने भोळेपणाने विचारलं.

शेट फुलला. "त्याला जाणकाराचा हात लागतो, बाय. बघ!" त्याने लाल साटीनचा नवाकोरा ताका उलगडून त्यावरून हाताची मागची बाजू फिरवली. खडे धाग्यांत अडकले, तरी हा गडी ऐटीत हात ओढतच राहिला. लाल कापडावर तीन रेघा उमटल्या.

साईशने निळं कापड शेजारी ठेवलं. अंतर तेच! "हा ताका मावशीने कधी बघितलाच नाही," तो म्हणाला.

शेट पुटपुटला, "चूक झाली."

"पायरीवर ऐकू आलं नाही," गौरवी म्हणाली.

शेटला ते मोठ्याने म्हणावं लागलं. मावशी आत आली.

"शाबास रे पोरांनो," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आम्ही इतक्या जणी काल इथंच होतो, पण एकीनंही तोंड उघडलं नाही." मग त्या शेटकडे वळल्या. "दुसरा ताका काढायला सांगा. कापड प्रभावती मोजून घेईल. तुम्ही हात खिशात ठेवा."