चौथा घास

बाबाकडून दुसरा घास पोहोचला तेव्हा मैथिली चोवीस वर्षांची होती. पहिला आला होता चौथ्या वर्षी.

उपेंद्रचं यान कृष्णविवराभोवती फिरत होतं. रोज संध्याकाळी तो पडद्यावर लेकीसोबत जेवायचा. हा घास काऊचा, हा चिऊचा, हा माऊचा; चौथा बाबाचा, तो दोघांनी एकदमच तोंडात घालायचा. त्या दिवशी काऊच्या घासाला यान आत घसरलं.

यानावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातल्या डॉ. तडवींनी याला ‘काळमंदी’ म्हटलं. मैथिलीच्या आईला, रेणुकेला उमगेना, तेव्हा ते म्हणाले, “ताई, कीर्तनात बुवा एकच अक्षर आळवत बसतात, समईतलं तेल संपत येतं, बुवांना पत्ता नसतो. उपेंद्रचं तसंच. त्याचा एक घास म्हणजे आपली वीस वर्षं.”

“पण आहे ना तो?”

“जेवतोय.”

केंद्र तो लांबलेला आवाज आवळून ऐकवी. प्रश्न होता उलट काय पाठवायचं याचा. खरी मैथिली दिसली असती तर घासागणिक वीस वर्षांनी वाढलेली. त्या संध्याकाळी उरलेले घास रेणुकेनंच लेकीला पडद्यापुढे भरवले होते; तिनं ते जुनं चित्रणच तुकड्यातुकड्यानं पाठवायला लावलं. जेवत्या माणसाला रडवू नये, एवढंच तिचं म्हणणं.

आता रेणुका नव्हती. चौसष्टाव्या वर्षी मैथिली नवं लुगडं नेसून, आईच्या वाटीत वरणभात घेऊन केंद्रात आली. एकदा तरी बाबानं आपल्याला बघावं, एवढ्यासाठी. नव्वदीच्या तडवींनी विचारलं, “कॅमेऱ्यापुढे तू बसतेस, की चित्रणातली तीच पाठवू?”

“मीच.”

पडदा उजळला. तेहतिशीचा बाबा. मिशीला साठ वर्षांपूर्वीचं शीत, अजून ओलं. हात पुढे करून तो हसत होता.

“हा घास बाबाचा. आ कर, मने.”

मैथिलीनं त्याच्याकडे पोटभर पाहिलं. एवढा सुखात जेवणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. तिनं खुर्ची हळूच बाजूला ओढली.

“तिलाच पाठवा,” ती म्हणाली.

चित्रातल्या मुलीनं तोंड उघडलं. चौकटीबाहेर, बोळक्या तोंडानं, मैथिलीनंही. घास गिळून तिनं पडद्याकडे पाहिलं. बाबाची नजर त्या मुलीवर खिळलेली होती, आणि आणखी वीस वर्षं तशीच राहणार होती.

त्या संध्याकाळच्या चित्रणात पुढे काहीच उरलं नव्हतं. तो मात्र पाचवा घास कालवत होता.