उंच डोक्याचे पिस्टन

“दोन उंच डोक्याचे पिस्टन द्या.”

कमरजहांनं हे सांगितलं, तेव्हा नारायण पेठेतल्या दीनानाथकाकांचा एक हात शटरवर होता. दुकान दुपारी बंद व्हायची वेळ झालेली. पण रविवारी खडकवासल्याजवळ शर्यत होती, आणि भोसरीच्या कारखान्यातलं काम सांभाळून तिनं बांधायला घेतलेली दोन सिलिंडरची जुनी मोटारसायकल अजून उघडीच पडली होती.

“मलाही तेच,” शेजारून एका तरुणाचा आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. गळ्यात खराडीतल्या कंपनीचं ओळखपत्र, बोटांना ग्रीस… आणि चेहऱ्यावर उगाचच हसू.

“उंच डोक्याचे दोनच आहेत. सपाट दोन,” काका म्हणाले.

“मी आधी आलेय! रविवारी शर्यत आहे माझी.”

“माझीही रविवारी शर्यत आहे.”

“भांडायला बाहेर फूटपाथ आहे,” काकांनी दोघांच्या हातात एकेक उंच, एकेक सपाट पिस्टन ठेवला, पैसे घेतले आणि शटर ओढलं. “चारला उघडेन. तोवर उठवू नका.”

“एका सिलिंडरात घोडा, दुसऱ्यात गाढव!” कमरजहां वैतागली. “दोन्हीकडे दाब सारखा नसेल तर इंजिन पळणार कसं? तुमचा उंच पिस्टन मला द्या.”

“तुमचा मला द्या की. मी चांद.”

ती हसली.

“नावात हसण्यासारखं काय आहे?”

“मी कमरजहां. कमर म्हणजेही चंद्रच.”

“म्हणजे इथेही दोघांना एकच—”

“चहा घ्या आणि गप्प बसा!”

समोरच्या टपरीवर चहा आला. तिनं विचारलं, “सिलिंडरचं हेड तसंच ठेवलंय?”

“नाही, घासून खाली घेतलंय.”

“अहो, मग दाब आधीच वाढलाय! वर उंच पिस्टन घातलात तर इंजिन ठोकायला लागेल, दुसऱ्या फेरीत पिस्टनला भोक पडेल. तुम्हाला सपाटच हवेत. माझं हेड तसंच आहे, म्हणून मला उंच.”

ती बशीवर बोटानं आकृत्या काढत राहिली. तो आकृत्यांकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त पाहत होता.

“फसवत नाही ना?”

“विश्वास नसेल तर राहू द्या.”

त्यानं आपला उंच पिस्टन पुढे सरकवला आणि तिचा सपाट उचलला.

रविवारी दोन्ही इंजिनं एका सुरात गायली. कमरजहां पहिली आली, चांद तिच्या मागोमाग दुसरा. चिखलानं माखलेला तो हेल्मेट काढत तिच्यापाशी आला.

“एक सांगायचंय… मला सपाटच हवे होते. हेड घासल्यावर मी मोजून पाहिलं होतं.”

“मग ‘मलाही तेच’ का म्हणालात?”

“तुम्हाला पाहिलं… आणि तोंडून निघून गेलं.”

“म्हणजे मी एवढं समजावलं, ते सगळं—”

“पाठ होतं. तरी पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.”

तिनं हातमोजा त्याच्या अंगावर फेकला. “आणि मी शर्यतभर मागे वळून बघत होते! म्हटलं, बंद तर पडलं नाही ना…”

“मी?”

“इंजिन!”

“फक्त इंजिन?”

ती दुसरीकडे बघू लागली. कान मात्र लाल झाले होते.

“तू फार लबाड आहेस, चांद.”

तो हेल्मेट काखेत धरून जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, “पुन्हा म्हण ना.”

“काय? लबाड?”

“नाही… ‘तू.’”