निळी ज्योत विझेपर्यंत

दूर उत्तरेकडच्या त्या बर्फाळ मुलखात जानेवारीतली दुपार होती, म्हणजे बाहेर अंधारच. इम्पी भाकरीसाठी राय नावाच्या धान्याचं पीठ मळत होती आणि गवंडी काउको नव्या भट्टीचे सांधे ओल्या फडक्याने पुसत होता. जुन्या उघड्या शेकोटीत ढीगभर लाकूड जळायचं आणि ऊब सगळी धुराड्यातून आभाळात जायची. इम्पीचा नवरा तौनो याला आता लाकडं फोडवत नव्हती. म्हणून त्या शेकोटीच्याच पोटात राखाडी दगडांची भट्टी बसवली होती. थोडा वेळ जाळ केला की दगड दिवसभर ऊब देणार होते.

"वहिनी, पहिले काही दिवस चार काटक्याच जाळायच्या," काउको म्हणाला. "बांधकाम ओलं आहे. घाई केलीत तर तडकेल."

"घाई तिच्या रक्तातच आहे," तौनो खुर्चीतून म्हणाला.

इम्पीचे हात पिठात थांबले. हा टोमणा ती तीस वर्षं गिळत आली होती. निखाऱ्यांवर निळी ज्योत असेतो ऊब अडवणारी धुराड्याची झडप लावायची नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही जाणतं. लावली, तर विषारी हवा घरातच कोंडते. एका रात्री कुणीतरी ती लावली, आणि शेकोटीजवळ निजलेला त्यांचा लहानगा ओस्मो सकाळी उठलाच नाही. मी झडपेला हात लावला नाही, असं इम्पी ऊर फुटेस्तोवर सांगत राहिली. तौनोने ऐकलं नाही, मग गाव कशाला ऐकतंय. सासू असती तर संशय तिच्यावर गेला असता. सदा ओलसर लोकरी शालीत वावरणारी म्हातारी उबेच्या बाबतीत महाचिक्कट, ज्योत विझायच्या आतच झडप लावायची. पण तेव्हा तिला मातीआड होऊन दोन हिवाळे उलटले होते.

काउकोने काटक्या पेटवल्या. हळूहळू जाळ बसला, निखारे उरले.

"झडपेचा दांडा नवा आहे, अजून घट्ट जातो," तो म्हणाला. "मलाच दोन्ही हातांनी ओढावा लागला…"

तेवढ्यात लोखंड घासल्यासारखा आवाज झाला. दांडा सावकाश भिंतीत सरकू लागला, कुणी सवयीने ढकलावा तसा, आणि आत जाऊन थांबला. झडप लागली. खोलीत ओल्या लोकरीचा वास पसरला.

इम्पीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते.

"तुम्ही… पाहिलंत?" काउको कुजबुजला.

"त्यात काय पाहायचं?" तौनो म्हणाला. "इम्पीने लावली."

काउकोने एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग जोर लावून दांडा बाहेर ओढला, हत्यारं पिशवीत भरली आणि समोरची कॉफी तशीच ठेवून निघून गेला. त्या मुलखात गवंडी कॉफी न पिता घराबाहेर पडत नाही.

इम्पीने हात पुसले.

"तौनो, त्या रात्री तू जागा होतास?"

त्याने दांड्याकडे बोट केलं.

"अर्धवट… हाच आवाज आला. झोपेत वाटलं, आईने लावली, बरं झालं, घर गरम राहील. आणि कूस बदलली. सकाळी आठवलं, आई तर…"

"आणि माझं नाव घेतलंस."

"मग कुणाचं घेणार होतो? घरात दुसरं होतं कोण?"

तिला रडू आलं नाही, संताप आला. नुसता कडू संताप. तिने कोट चढवला आणि तळ्यापलीकडे बहिणीकडे जायचं म्हणून ती बाहेर पडली. अंगणाच्या कडेला तिने मागे वळून पाहिलं. चांदण्यात धुराड्याचा बारीक धूर वर चढत होता. बघता बघता तो तुटला. धुराडं कोरडं उभं राहिलं; झडप पुन्हा लागली होती.

मरू दे, असं तिच्या ओठांवर आलं. पाय मात्र घराकडे वळले.

तिने दार सताड उघडलं, गार वारा आत लोटला. निखाऱ्यांवर निळी ज्योत थरथरत होती. तौनो भट्टीसमोर उभा होता, हात पाठीमागे, मान खाली, वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखा. इम्पीकडे त्याने पाहिलंही नाही.

"नाही आई," तो भट्टीला सांगत होता, "मी नाही दार उघडलं. इम्पीने उघडलं."