आलेलं पुसायचं नाही

सकाळी अकराला ती फक्त एक ओळ गायला म्हणून स्टुडिओत गेली. घरी कपडे भिजत घातले होते. तासाभरात परत येऊन ते पिळायचे, एवढाच बेत.

तिचा बँड तीस वर्षांचा. त्या खडखडीत, चिडक्या गाण्यांना जाणकार पोस्ट-पंक म्हणायचे, ती त्याला तालावरचं भांडण म्हणायची. गिटारवर मास्तर, बेसवर आणि रेकॉर्डिंगच्या मशीनवर तिचा धाकटा भाऊ, गाणारी ती. चौथा ड्रमवाला, म्हणजे तिचा नवरा. त्याला मरून अकरा वर्षं झाली होती. आता पाच गाण्यांचा मिनी-अल्बम करायचा होता आणि ड्रम त्याचेच, जुन्या टेपवरून उचललेले. त्यावर एकेकानं काचेच्या खोलीत जाऊन आपला आवाज चढवायचा. थरावर थर, गिलाव्यासारखा.

मास्तरनं पहिल्या दिवसापासून एक नियम घालून दिला होता : एकदा आलेला आवाज पुसायचा नाही. तार तुटू दे, कुणी खोकू दे, राहू द्यायचं. लोकांना त्याचंच कौतुक.

त्या टेपवरच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यात तिसऱ्या कडव्याआधी एक ‘धप्प’ होता. लोक म्हणत, असा ड्रम पुन्हा कुणाला जमला नाही. जमणार कसा? तो ड्रम नव्हताच. ते तिचं डोकं होतं. सूर चुकला म्हणून नवऱ्यानं केस धरले, एक ते चार मोजले आणि तिला काचेवर आपटलं. बाहेर मशीनवर भाऊ होता. मास्तर त्याला म्हणाला होता, “राहू दे. छान आलंय.”

तीस वर्षं लोकांनी त्या आवाजावर माना डोलावल्या.

या अल्बमला ती एकाच अटीवर हो म्हणाली होती. धप्प काढायचा.

काचेच्या खोलीत कोंदट फोमचा आणि जुन्या घामाचा वास होता. जाड दार लागलं की बाहेरचं जग कापल्यासारखं बंद व्हायचं. तिनं हेडफोन चढवला. ड्रम सुरू झाले. दुसरं कडवं सरलं...

धप्प.

कपाळावरचा जुना व्रण ठणकला.

“काढला नाहीत,” ती माईकमध्ये म्हणाली.

“काढलाय, ताई,” बाहेर मशीनवरून भाऊ म्हणाला. “पडद्यावर तिथं सरळ रेघ आहे, आवाजच नाही.”

“मग मला काय भुतानं ऐकवलं?”

मास्तर हसला. “वय झालं तुझं. तिसऱ्या कडव्याला दरवेळी हेच रडगाणं.”

भावानं पुन्हा लावलं. या वेळी धप्पच्या आधी मोजणी आली. घोगरा, दारूनं जड झालेला आवाज, जो टेपवर कधीच नव्हता. एक... दोन... तीन... चार...

व्रण उकलला. ऊन रक्त भुवईत उतरलं. ती दार ढकलून बाहेर आली.

“ताई, रक्त...”

“दिसतंय मला. आता मास्तर जाईल आत.”

“जातो की,” मास्तर म्हणाला. “कान तुझे बिघडलेत, टेप नाही.”

दार लागलं. आता मोजणी बाहेरच्या स्पीकरमधूनही येऊ लागली. एक... मास्तरनं काचेआडून त्यांच्याकडे बघत भुवया उडवल्या. दोन... तीन...

मास्तरचे केस वर उचलले गेले. मूठभर, एकाच जागी.

चार.

त्याचं कपाळ काचेवर आदळलं. नाक फुटलं. काच दणाणली, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. दुसऱ्या वेळी त्यानं दोन्ही हात काचेला टेकवून जोर लावला, तरी दात पडलेच. तिसऱ्या वेळी काचेला तडा गेला.

भावाचा हात बटणाकडे गेला. “थांबवतो... ताई, तू दार उघड...”

तिनं त्याचं मनगट धरलं.

“आलेलं पुसायचं नाही,” ती म्हणाली. “राहू दे. छान आलंय.”

पाचव्या वेळी मास्तर काचेवरून घसरत खाली गेला आणि उठला नाही. स्पीकर गप्प झाले. पडद्यावर सगळ्या रेघा सरळ होत्या, जणू काही वाजलंच नव्हतं.

भाऊ रडत होता. “मी लहान होतो तेव्हा, ताई... मला काय कळत होतं...”

“एकवीसचा होतास.”

तिनं त्याचं मनगट सोडलं. पिशवी उचलून ती चार पावलं दाराकडे गेली. कपडे भिजत होते. मागे स्पीकर खरखरला.

एक...

हा आवाज नवऱ्याचा नव्हता. बाईचा होता, तरुण आणि संतापलेला. तीस वर्षांपूर्वीचा तिचाच.

“ताई, नको मोजूस...”

तिचे ओठ तर घट्ट मिटलेले होते. तिनं खाली पाहिलं. उजवी मूठही तशीच मिटली होती, आणि बोटांच्या फटीतून, तिच्यामागे फरफटत आलेल्या भावाचे पिकलेले केस बाहेर आले होते.

दोन...