पंख्याची चावी

"बंद पंख्याला भ्यायचं म्हंजे लईच झालं बाई!" केवळाबाई पदराआड पुटपुटल्या. पण सिंधु त्यांच्या अगदी कानाशीच उभी होती.

खंडेनवमी होती. लातूरजवळ विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या संस्थेत छोट्या विमानांची पूजा मांडली होती. नुकत्याच शिकायला दाखल झालेल्या रामलिंगची ही मावशी जळकोटहून झेंडूचा हार घेऊन आलेली, आणि हार विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यालाच घालायचा म्हणून हटून बसलेली.

"मावशी, शेपटीला घाला," सिंधु म्हणाली. विमानांची देखभाल तिच्याकडे. "इंजिन बंद असलं तरी आत एखादी वायर तुटलेली असली की ठिणगी पडती. पातं जरा हललं की गर्रकन फिरतंय. हात जाईल."

"शेपटीला हार? म्हैस हाय का ती?"

रामलिंग खो-खो हसला. सिंधुनं नुसतं वळून पाहिलं... त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

"आन् तुम्ही पायलटसाहेब, विमानाकडं मागून यायचं. पुढून न्हाई. मी पंख्यापाशी असले की चावी माझ्या हातात."

तिनं तळहात पुढे केला. ग्रीसनं काळा, पण मनगटात दोन हिरव्या बांगड्यांची किणकिण. त्यानं चावी ठेवली. जरा सावकाशच.

मग हे रोजचंच झालं.

"बंदच हाय की पंखा," तो चिडवायचा.

"बंद दिसतोय. बेभरवशाचा हाय."

"मी हाय ना भरवशाचा?"

"बघू."

एवढंच म्हणून ती पाना उलटा धरायची आणि बोल्ट का फिरेना म्हणून बोल्टवरच चिडायची. राखणदार पिराजी चहाच्या कपात हसायचा. विमान शिकवणाऱ्या सरांनाही दिसत होतं. पण बोलणार कोण? ज्यांनी बोलायचं ते दोघं हवेच्या दाबावर बोलत बसायचे.

आणि एक दिवस रामलिंगचं शिक्षण संपलं. हैदराबादला नोकरी लागली. नांदेडहून संध्याकाळची रेल्वे होती.

"येतो मॅडम."

सिंधुला पुष्कळ काही म्हणायचं होतं... तोंडातून आलं, "मागून जा. त्या विमानाचं इंजिन चालूय."

तो मागून गेला. फाटकापाशी एकदा वळला, आणि गेला.

दुपारी तिनं फोन लावला. "चावी तुमच्या खिशात गेली."

"आं? थांबा... हाव की! नांदेडात पोचलो हो मी."

"मला न्हाई माहीत. पंख्याचं काम अडलंय. घेऊन या."

पिराजीनं ऑफिसातल्या खुंटीकडं पाहिलं, मग छताकडं. सरांना तेवढ्यात बाहेरचं आभाळ तपासायची गरज वाटली.

ऊन कलताना जीप आली. खांद्याला बॅग, मागे पोचवायला आलेल्या केवळाबाई. विमानापाशी उभी सिंधु दिसली तसा रामलिंग पळतच सुटला, सरळ पंख्याच्या दिशेनं —

"मागून!" ती ओरडली.

तो थबकला. रेल्वे चुकत होती, तरी शेपटीला पूर्ण वळसा घालून आला. त्याच्यामागून केवळाबाईही लुगडं सावरत, कुरकुरत, पूर्ण वळसा घालून आल्या.

चावी तिच्या तळहातावर आली. त्याची बोटं मात्र परत गेली नाहीत.

"एवढ्या मोठ्या इमानाला एकच चावी असती व्हय गं?" केवळाबाई दम खात म्हणाल्या.

पिराजीचा चहा सांडला.

"दोन असतात," सिंधु खाली बघत म्हणाली. "दुसरी ऑफिसात खुंटीला हाय."

"मला ठाऊक होतं," रामलिंग म्हणाला.

"मग आलात कशाला?"

"तू बोलावलंस कशाला?"

वारा सुटला. तिनं बट मागे सारली तसा गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. या वेळी तिनं हवेच्या दाबाचं नाव काढलं नाही.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "लई दिवसांपासून."