न बदलणारी तीनशे मुलं

भाषामापन केंद्राच्या प्रयोगशाळेत कल्याणी ताकसांडे प्रश्नजनक यंत्राने सकाळी काढलेले इंग्रजीचे प्रश्न तपासत बसली होती. शिपायाने एका पाहुण्यांना आत आणलं. मारोती कन्नाके, कोसमटोल्याच्या आश्रमशाळेतले शिक्षक. दोन एसट्या बदलून आले होते.

"मॅडम, मी गणिताचा माणूस. आमच्याकडं इंग्रजी तुमचा टॅबच शिकवतो," ते उभ्यानंच म्हणाले. "पोरं दर आठवड्याला ऑनलाइन चाचणी देतात. तीन वर्षं शाळेची सरासरी एक्केचाळीस. ना वर, ना खाली. शेजारच्या गावात उत्तर चुकलं की टॅब समजावून सांगतो. आमचा नुसता 'चूक' म्हणतो आणि गप्प बसतो."

कल्याणी तडक संचालकांच्या खोलीत गेली. डॉ. अंजनकरांनी लपवालपवी केली नाही.

"ती शाळा म्हणजेच आपला संदर्भगट. एकदा विचारलेला प्रश्न तासाभरात राज्यभर होतो, म्हणून आपण रोज नवे काढतो. पण नवा प्रश्न अवघड की सोपा, हे ठरवायचं कसं?"

"मुलांना विचारून."

"कोणत्या मुलांना? ती तर शिकत जातात. फूटपट्टीच वाढायला लागली तर मोजायचं कशानं? म्हणून तीनशे मुलं अशी लागतात, जी आहेत तिथंच राहतील. प्रत्येक प्रश्न आधी त्यांच्याकडं जातो. त्यांची सरासरी एक्केचाळीस धरायची आणि त्यावरून बाकी बारा लाखांचे गुण काढायचे."

"आणि ती शिकू नयेत म्हणून उत्तरं झाकायची?"

"तीनशेच आहेत, कल्याणी."

ती जागेवर आली आणि यंत्रातलं कुलूप काढून कोसमटोल्याची झाकलेली स्पष्टीकरणं उघडून टाकली. अंजनकर त्या कुलपाकडं वर्षानुवर्षं पाहत नसत, हे तिला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर कन्नाकेंनी एक ध्वनिफीत पाठवली. सातवीतली रजनी मडावी शाळेमागे आलेल्या अस्वलाची गोष्ट इंग्रजीत सांगत होती. अडखळत, हसत, पण शेवटपर्यंत. कल्याणीने ती तीनदा ऐकली.

एप्रिलमध्ये राज्यभरच्या वार्षिक चाचणीचा निकाल लागला. कोसमटोला : एक्केचाळीस.

आणि उरलेलं अख्खं राज्य नऊ गुणांनी खाली आलं होतं.

क्षणभर तिला उलगडा होईना. मग लक्षात आलं. कोणीच काही विसरलं नव्हतं. तीनशे मुलांना प्रश्न सोपे जाऊ लागले, म्हणून यंत्राने प्रश्नच सोपे धरले आणि बारा लाखांचे गुण कापले. साठच्या खाली तंत्रनिकेतनात प्रवेश नाही. त्रेचाळीस हजार मुलं साठच्या खाली घसरली होती. दुपारपर्यंत केंद्राचे फोन वाजत राहिले. एक बाप एवढंच म्हणत होता, "पोरगी दार उघडत नाही हो."

अंजनकर चिडले नाहीत. त्यानेच तिला जास्त भीती वाटली.

"पुन्हा कुलूप लावलं तर?" तिने विचारलं.

"शिकलेलं परत काढून घेता येत नाही. नवा गट हवा. हेच प्रश्न त्यांना उद्या द्यायचे आणि सगळ्यांचे गुण पुन्हा काढायचे."

"मोजणंच बंद करू या ना, सर."

"मग प्रवेश कशावर द्यायचे? ओळखीवर?"

त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. तीन शाळा. तिन्हीकडं इंग्रजीचे शिक्षक नव्हते, टॅब मागच्याच आठवड्यात खोक्यातून निघाले होते.

"यातली एक तू निवड. नाही निवडलीस, तर त्या त्रेचाळीस हजारांचं वर्ष गेलं."

कल्याणीने मधल्या नावावर बोट ठेवलं. निदान नाव तरी आपल्या तोंडून निघावं, म्हणून तिने ते मोठ्याने वाचलं. "शासकीय कन्याशाळा, हिवरगाव."

मग खूण केली.